कॅनॉल वस्ती, बाया, एक

२२ सप्टेंबर १९८६

ग्रामसेवक व्यंकटराव भाऊसाहेब आज चक्क चपला काढून बालवाडीत आले. एरवी उंबऱ्यातूनच हाक मारतात. म्हणाले, "मनकर्णाबाई, तुमच्यासारखं अक्षर अख्ख्या गावात कुणाचं न्हाई. हेडमास्तरचं बगा, मुंगळे चालल्यावानी." मला हसू आवरेना. सातवीत असताना गुरुजींनी माझी पाटी वर्गभर फिरवली होती, त्यानंतर माझ्या अक्षराचं कुणी नाव काढलं नाही. सासरी तर मला लिहिता येतं हेच सगळ्यांना खुपायचं.

चावडीच्या भिंतीवर मोठा काळा बोर्ड करायचाय. गावची सगळी माहिती त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावी. कोणत्या गल्लीत माणसं किती, बाया किती, डोस दिलेली लेकरं किती, संडास किती, ऑपरेशन झालेल्या बाया किती. शेवटी, कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू असलेले, पुरुष किती अन् बाया किती. चार ओळी: वरली गल्ली, खालची गल्ली, बौद्धवाडा अन् आमची कॅनॉल वस्ती. रेघा रंगानं मारायच्या, आकडे खडूनं, म्हणजे दर महिन्याला पुसून ताजे लिहिता येतात. जिल्ह्याचे साहेब येणार हायत, त्यांना जीपमधूनच गाव दिसलं पाहिजे, असं भाऊसाहेबांचं म्हणणं.

शेवटचा रकाना ऐकून भीती वाटली खरी. गेल्या उन्हाळ्यात माझ्या खांद्यामागं रुपयाएवढा चट्टा निघाला. आमच्या गावच्या नर्स कस्तुराबाई यांनी त्यावर सुई टोचली अन् मला कळलंच नाही. तेव्हापासून पांढऱ्या गोळ्या चालू हायत. कस्तुराबाईंना मी अक्का म्हणते. त्या म्हणाल्या, गोळी चालू असली की दुसऱ्याला लागत नाही, दोन-तीन वर्षांत तू खडखडीत होशील. पण गावाला हे कोण समजावणार? गावात याला रगतपिती म्हणतात अन् तोंडावर पदर धरतात. हे दुखणं निघायच्या कितीतरी आधी नवऱ्यानं दुसरी केली, भावानं घरात घेतलं नाही, कॅनॉलच्या चौकीदाराच्या रिकाम्या खोलीत मी पडले. या बालवाडीमुळं मला माणसं "बाई" म्हणतात. लेकरांना सुकडी माझ्या हातानं वाटते. हे कळलं तर माझ्या हातची सुकडी कोण खाईल?

पण अक्कानं लेकीच्या गळ्याची शपथ घेतलीय. तिला अन् मला सोडून कुणाला माहीत नाही. मी बोर्डाला हो म्हणले.

२७ सप्टेंबर

रेघा मारून झाल्या. ओळंबा न लावता मारल्या, तरी भाऊसाहेब म्हणाले, सुतारानं मान खाली घालावी.

अक्का आज वस्तीवर आल्या होत्या. त्यांची ही सवय मला कधी कळली नाही. माझ्यासाठी यायचं तर सरळ माझ्याकडं यावं ना! आधी छबूबाईकडं, मग तिच्या जावेकडं, मग म्हाताऱ्या बायनाबाईकडं. प्रत्येक घरी रक्तवाढीच्या लाल गोळ्यांची पुडी, प्रत्येक घरी बसायचं, गप्पा, चहा. मी आपली दारात ताटकळत. सगळ्यात शेवटी माझी पुडी. तसलीच कागदाची, तसलीच बांधलेली, वरून लाल गोळ्या अन् खाली माझ्या पांढऱ्या.

बसल्यावर एकदम म्हणाल्या, "मने, त्यो शेवटचा खण मोकळा ठिव. रेघ मार नुसती."

"कामून?"

"गावाचा मिळून एक आकडा लिवा, गल्लीवार नको, असं मी भाऊसायबाला बी म्हणलं. ते म्हणतेत वरून तसंच मागितलंय, मला आकडे द्यावे लागले. तू तरी ऐक."

मी म्हणले, "अक्का, नाव कुठं हाय त्यात? नुसता आकडा हाय."

"गाव लहान हाय, मने."

मला राग आला. एवढा नीटनेटका बोर्ड, त्यात मधेच एक उघडाबोडका खण! उलट लोक विचारतील हा कामून मोकळा ठेवला. अन् खरं सांगू का, बोर्ड ठरल्यापासून अक्का माझ्या अक्षराबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. माणसाला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही, अगदी आपल्या माणसाचं सुद्धा. बरंय.

५ ऑक्टोबर

बोर्ड झाला! चावडीसमोर जत्रा. मुंजाजीदादा, जे पारावर बसून सगळ्यांना पेपर वाचून दाखवतात, त्यांनी आज पेपर बाजूला ठेवला अन् बोर्डच वाचायला घेतला. कुणाच्या गल्लीत संडास जास्ती यावरून वरल्या अन् खालच्या गल्लीची हमरीतुमरी झाली. सरपंच किशनराव मिशीवर हात फिरवत उभे होते.

मग मजा झाली. मुंजाजीदादा म्हणाले, "कॅनॉल वस्ती, बाया चार, ऑपरेशन दोन. आता ह्या दोन कोण सांगा बरं?"  मग आपणच म्हणतात, "अरे, बायनाबाईचं वय झालं. मनकर्णाबाईला नवरा न्हाई जवळ. राह्यल्या छबू अन् तिची जाऊ!"

छबूबाई तिथंच घागर घेऊन उभी. ती कडाडली, "मुडद्या, माझ्या पोटाची चौकशी तुला कशाला रे? पेपर वाच की गप!" सगळा पार हसून हसून बेजार. मी तर पदर तोंडात कोंबला. मुंजाजीदादा लय बेरकी माणूस, कुणी न सांगता बरोबर ओळखतात.

शेवटचा रकाना वाचताना मात्र त्यांचा आवाज उतरला. "वरली गल्ली, काही न्हाई. खालची, पुरुष दोन. बौद्धवाडा, पुरुष एक. कॅनॉल वस्ती, बाया एक." कुणीतरी थुंकलं. बायका एकमेकींकडं पाहायल्या.  तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बायनाबाईची बोटं वाकडी हायत न्हवं?" अन् सगळ्यांनी मान हलवली. मी घरी आले. खोटं कशाला बोलू, जीव भांड्यात पडला.

८ नोव्हेंबर

दिवाळी झाली अन् मुकादमाचा ट्रक आला. छबूबाई अन् तिची जाऊ लेकराबाळांसकट उसाला गेल्या. त्या आता उन्हाळ्यापर्यंत येत नाहीत. जाताना छबूबाई कोंबड्या माझ्या भरवशावर सोडून गेली. वस्ती अशी सुनी झाली की कॅनॉलच्या पाण्याचा आवाज सुद्धा मोठा वाटायलाय.

भाऊसाहेबांनी आठवण करून दिली, आकडे ताजे पाहिजेत, साहेब कधीही येतील. मी शाळेतून नवा खडू आणला अन् सगळं पुसून लिहिलं. कॅनॉल वस्ती, बाया: चार पुसून दोन. ऑपरेशन: दोन पुसून शून्य. गोळ्या चालू, बाया: एक होता, एकच ठेवला. माझ्या हाताला आता इतकं वळण पडलंय की दोनचा आकडा हंसासारखा निघतो. मुंजाजीदादा पारावरून पाहायले होते. म्हणाले, "बाई, तुमचा बोर्ड म्हणजे पेपरापेक्षा ताजा." मी खुशीत घरी आले.

१७ नोव्हेंबर

आज कॅनॉलवर धुणं धुताना जे झालं ते डोळ्यापुढून जात नाही. बायका महिनाभर बायनाबाईच्या खालच्या अंगाला धुणं धूत नव्हत्या, वर सरकत होत्या. मला कळत होतं. मी काही बोलले नाही. 

आज त्या म्हातारीचं डोकं फिरलं. धुणं फेकून उभी राहिली. चोळी काढली, लुगडं कमरेपर्यंत सोडलं अन् ओरडली, "बगा गं रांडांनो! पाठ बगा, दंड बगा, मांड्या बगा! हाय का कुठं चट्टा? बोटं कापूस येचून येचून वाकडी झालेत माझी!" मग बाभळीचा काटा घेतला अन् स्वतःच्या एकेका बोटात खुपसला. दर बोटाला "आई गं" म्हणायची अन् हात मागं ओढायची. रक्त आलं. "लागतंय मला! रगतपिती असती तर लागलं असतं का?"

 एकीनं तिला लुगडं गुंडाळलं, एकीनं धुणं पिळून दिलं. मग एकेक करून सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. कामून पाहायल्या काय की. मी बादली उचलली अन् आले.

२६ नोव्हेंबर

बालवाडीत आज बत्तीसातली नऊ लेकरं. म्हणले, तापाची साथ असंल. घरोघर गेले तर दार उघडायच्या आधीच आतून आवाज, "त्याला बरं न्हाई बाई." एक लेकरू तर आईच्या मागून मला हाक मारत होतं, तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. माझ्याकडं बघून हसली सुद्धा नाही.

३ डिसेंबर

सरपंच किशनरावांनी चावडीत बोलावलं. बसायला पोतं टाकलं. मागच्या महिन्यात खुर्ची दिली होती. म्हणाले, "बाई, काही दिवस तुमी आराम करा. मनाला लावून घेऊ नका. गावात बोलणं हाय."

"काय बोलणं?"

"तुमाला ठावं हाय की."

कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर भिंतीकडं बघून म्हणाले, "आता सगळ्यांलाच ठावं हाय, कुणी सांगायचं काय त्यात."

म्हणजे सांगणाऱ्याचं नाव झाकायलेत. पण मला नाव पाहिजेच कशाला? माझं दुखणं जगात दोघींनाच माहीत. त्यातली एक मी. मी कुणाला सांगितलं नाही. मग राहिलं कोण?

घरी आले अन् चुलीपुढं बसून ओक्साबोक्शी रडले. दुखण्याचं इतकं नाही वाटलं. नवऱ्यानं सोडलं तेव्हा सुद्धा इतकं नाही वाटलं, त्याच्याकडून मला आशा नव्हतीच. पण अक्का! जिच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले, जिनं लेकीच्या गळ्याची शपथ घेतली, तिनं बायनाबाईकडं चहा पिता पिता मला विकून टाकलं. घरोघर बसायची ती याच्यासाठीच. आता मला सगळं कळालं.

५ डिसेंबर

नर्सबाई आल्या होत्या. (आता अक्का लिहायला हात धजत नाही.) मी दारातच उभी राहिले, आत घेतलं नाही.

म्हणाल्या, "मने, मी कुणाजवळ चकार शब्द काढला न्हाई."

"मग काय भिंतीनं सांगितलं?"

 त्या हळू म्हणाल्या, "हो. एकदा त्या बोर्डापुढं जाऊन हुबी राहा. तुझं अक्षर म्हणून नगं, परक्या माणसावानी वाच."

या बाईची कमाल! माझा संसार उठवला तरी बोर्ड डोळ्यात खुपायचाच राहिलाय! मी तोंडाला येईल ते बोलले. दगाबाज म्हणले. बेइमान म्हणले. म्हणले, तुझी खोटी शपथ तुझ्या लेकीच्या गळ्याला लागो. हे शेवटचं बोलायला नको होतं, पण बोलले. त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं. पिशवीतून पुडी काढली, उंबऱ्यावर ठेवली अन् बायनाबाईच्या घराकडं गेल्या. बघा, परत तिकडंच!

१२ डिसेंबर

चुडावा स्टेशनवरून रेल्वेनं गेले अन् आरोग्य केंद्रात मोठ्या डॉक्टरांकडं नर्सबाईच्या विरुद्ध अर्ज दिला. अर्ज मीच लिहिला. पेशंटची गुप्त माहिती गावात फोडली, मला रोजीरोटीतून उठवलं, असं सरळ लिहिलं. डॉक्टरांनी वाचून विचारलं, "तुमच्याकडे पुरावा?" मी म्हणले, "दोघींनाच माहीत होतं साहेब, याहून काय पुरावा पाहिजे?" त्यांना ते पटलं. मला लय बरं वाटलं. येताना गाडीत पोटभर भाकर खाल्ली.

१४ जानेवारी १९८७

संक्रांत. बालवाडी बंद हाय, म्हणजे नावाला बंद. बौद्धवाड्यातली पाच लेकरं येतात, तीही मी चोरून बसवते. त्यातल्या एकीची आई परवा म्हणाली, "बाई, आमच्या सावलीला भिणाऱ्या गावाची रीत आमाला नवी न्हाई. आता तुमाला कळालं." बोलली ते टोचलं, पण तिनं लेकरू धाडलं.

दुपारी नवं लुगडं नेसून तीळगुळाची वाटी घेऊन निघाले. मला वाटलं, सणाच्या दिवशी कुणी मागं सारणार नाही. किशनरावांच्या वाड्यावर बायका हळदीकुंकवाला बसल्या होत्या. मी उंबऱ्यापाशी गेले. किशनरावांच्या मालकिणीनं कुंकवाची कोयरी माझ्यापुढं जमिनीवर ठेवली अन् म्हणाली, "लावून घ्या तुमी." बोटानं लावलं नाही. माझा तीळगूळ एकीनं पदर पसरून घेतला. माझं बोट लागू नये म्हणून. मी निघाले तेव्हा मागं तो सगळा पदर अंगणात झटकल्याचा आवाज आला. मी मागं वळून पाहिलं नाही.

कस्तुराबाई, तुला याचं पाप लागंल. देव बघायलाय.

२ फेब्रुवारी

नर्सबाईची बदली झाली. लांब जिंतूरकडं, चारठाण्याला टाकली म्हणे. बरं झालं. तिची लेक इथल्या शाळेत चौथीला होती, मधेच नाव काढावं लागलं. तेही बरंच झालं.

जायच्या आधी आली होती. मी कडी लावून आत बसले. ती दाराबाहेरूनच बोलत होती. "मने, तीन म्हैन्याच्या गोळ्या हायत. खंड पाडू नगं. नव्या बाईला मी सांगून ठिवते, पण ती लहान हाय, तिला कळंल का न्हाई देव जाणे. तू दर म्हैन्याला चौघींच्या पुड्या घेत जा तिच्याकडून, एकटीची घेऊ नगंस. ऐकायलीस ना?" मी ऐकत होते, पण कडी काढली नाही. चौघींच्या पुड्या मी कशाला घेऊ, अन् या वस्तीवर आता हायच कोण? ती लय वेळ उभी होती. कोंबड्या तिच्या पायात घुटमळत होत्या.

९ मार्च

नवी नर्स आली. पोरसवदा, गोड बोलणारी, पाठीवर दप्तरासारखी पिशवी. बायनाबाई अंगणात ऊन खात बसली होती, तिला ओलांडून थेट माझ्या दारात आली अन् मोठ्यानं म्हणाली, "मनकर्णाबाई तुमीच ना? तुमच्या कुष्ठरोगाच्या गोळ्या!"

मी तिला दंडाला धरून आत ओढलं. "तुला माझं नाव कुणी सांगितलं? कस्तुराबाईनं?"

"न्हाई हो. त्यांची माझी भेटच झाली न्हाई, त्या गेल्यावर म्हैन्यानं मी आले. चावडीपुढं उतरले अन् बोर्ड वाचला. कॅनॉल वस्ती, बाया दोन, गोळ्या एक. पारावर ते म्हातारे काका होते, त्यांना विचारलं ही कोण. ते म्हणले, दोघीतल्या एकीनं काटे टोचून दाखवले, मग राह्यली ती. लय सोपं हाय तुमच्या गावात, कुणाला घर विचारायची गरज पडत न्हाई."

ती हसत होती. तिला वाटलं, मी कौतुक करीन.

बाहेरून बायनाबाई ओरडली, "पोरी, माझ्या लाल गोळ्या?"

"तुमाला कशाच्या, आजी?"

"अगं, कस्तुरा चौघींना द्यायची. म्हैन्याला न चुकता. सगळ्यांच्या घरी सारखा वेळ बसायची. मी म्हणायचे, मला कशाला गं म्हातारीला रक्त? तर म्हणायची, घे मावशी, माझ्यासाठी घे."

 त्या सारख्या पुड्या. तो सगळीकडचा चहा. मला शेवटी गाठायची ती सवय. एकटीच्या दारात नर्स थांबते असं कुणाला दिसू नये म्हणून ती बाई चार घरचा चहा प्यायली, अन् मी म्हणत होते, घरोघर मला विकायलीय.

अन् चावडीवर, ज्या हप्त्यात छबूबाई गेली त्याच हप्त्यात, मी स्वतः, नवा खडू आणून, चारचे दोन केले अन् शेवटच्या रकान्यातला एक तसाच ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. मुंजाजीदादांनी छबूबाईला ओळखलं तेव्हा मी पदर तोंडात कोंबून हसले होते. तसंच मला ओळखलं. गावानं काही फोडलं नाही, अक्कानं काही फोडलं नाही. माझ्याच हंसासारख्या आकड्यानं मला दगा दिला, आई गं! अन् मी अक्काच्या लेकीच्या गळ्यावर बोलले.

१० मार्च

दुपारी, पार भरलेला असताना, ओलं फडकं घेऊन चावडीवर गेले अन् शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत पुसला. भाऊसाहेब धावत आले. "अहो बाई, पुढच्या हप्त्यात साहेब यायलेत!" मी म्हणले, "साहेबाला पाहिजे तर गावाचा एक आकडा सांगा. चार. कोणत्या गल्लीचे ते सांगायचं न्हाई." म्हणाले, वरून तसं मागितलंय. मी फडकं त्यांच्या हातात दिलं.

मुंजाजीदादा म्हणाले, "बाई, आता पुसून काय उपयोग? आमाला पाठ हाय."

१३ मार्च

आज आरोग्य केंद्रात गेले. अर्ज परत घ्यायचा, डॉक्टरांच्या पाया पडायचं, अक्काला परत आणायचं, असं ठरवून गेले. डॉक्टर मीटिंगला गेलेले. व्हरांड्यात पेशंटांच्या बाकासमोर भिंतीवर नवा तक्ता लावलेला. आमच्या भाऊसाहेबांनीच सांगितलं असंल, बोर्ड कसा झकास होतो ते. गावागावाची नावं, पुढं त्या गावच्या नर्सचं काम. बाळंतपणं किती, डोस किती, ऑपरेशनं किती. शेवटचा रकाना: तक्रारी.

सगळ्या गावांपुढं शून्य. आमच्या गावापुढं एक.

बाकावर दोघं म्हातारे बसले होते. एकानं काठीनं त्या एकाकडं दाखवलं. "ही कोणती रं नर्स?"

"एका गावाला एकच नर्स असती की. चारठाण्याला टाकली तीच. पेशंटाचं गावभर बोलायची म्हणे." अन् त्यानं "हात तिच्या" म्हणून मान हलवली.

मी कारकुनाच्या टेबलापाशी गेले. म्हणले, "माझा अर्ज परत द्या. खोटा होता. माझी चूक झाली."

"अर्ज वर गेला. आता इथं काही न्हाई."

"मग तो आकडा तरी पुसा. बाहेरचा. लोक वाचायलेत."

त्यांनी मान वर केली, तक्त्याकडं पाहिलं अन् मला कळत कसं नाही अशा सुरात म्हणाले, "नाव कुठं हाय त्यात, बाई? नुसता आकडा हाय."

अक्काला मी हेच म्हणले होते.  कारकुनाचं काही चुकलं नाही, असं मीच शिकवलेलं असल्यासारखं तो बोलला.

परत येताना स्टँडवर जिंतूरची गाडी विचारून आले. उद्या सकाळी हाय. जिंतूरला उतरून चारठाण्याची दुसरी धरायची. अक्कानं दार नाही उघडलं तर बाहेरून बोलीन. मीही तिला तसंच बोलायला लावलं होतं.